कॅमेरा निवडण्याआधी पाणी बघा

लाटंबार्से गाव १५ आणि १६ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे, म्हणजे कर्कवृत्तापासून जवळजवळ आठ अंश दक्षिणेला. थंड देशांतली माणसं उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर सुट्टी घालवायला विमानाची तिकिटं काढतात. डिचोली तालुक्यातल्या या गावाला तो समुद्र एका दिवसाच्या गाडीभाड्यात मिळतो. दोडामार्ग-बांद्यावरून मालवण आणि तारकर्ली दोन-तीन तासांच्या रस्त्यावर आहेत. मुरगावच्या किनाऱ्यासमोरचं ग्रँड आयलंडही तसं जवळच. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत या दोन्ही ठिकाणी स्नॉर्केलिंग आणि स्कूबा चालतं, आणि अंदमान-लक्षद्वीपला जाणारी कुटुंबंही आता गावोगावी असतात. अशा सहलीचं ठरलं की घरात एक प्रश्न हमखास निघतो: पाण्याखालचे फोटो काढायला परवडेल असा कॅमेरा कोणता? दुकानात गेल्यावर गिऱ्हाईक विचारतो, हा किती खोल जातो आणि किती मेगापिक्सेलचा आहे? माझ्या मते हे दोन्ही प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतात. आपल्याकडच्या पाण्यात फोटो बिघडतो तो भिंग आणि मासा यांच्यामध्ये उभ्या असलेल्या पाण्यामुळे. म्हणून जो संच हे मधलं पाणी कमीत कमी ठेवू देतो तोच स्वस्तातला चांगला संच, मग त्याच्यावर कोणत्याही कंपनीचं नाव असो.

आधी खोलीचा प्रश्न निकालात काढू. स्नॉर्केलिंग करणारा माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत असतो आणि सराव असेल तर श्वास रोखून दोन-तीन मीटर खाली जातो. पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्याला प्रशिक्षकाच्या हाताखाली जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेण्याचा पाडी या संस्थेचा दंडक आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर अशा पाहुण्यांना बहुधा त्याहून बरंच उथळ ठेवतात. आता बाजारातले कॅमेरे बघा. गोप्रोचे हिरो मालिकेतले कॅमेरे ५ क्रमांकापासून पुढे कोणत्याही वेगळ्या कवचाशिवाय १० मीटर सहन करतात. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ हा १८ मीटर, तर ॲक्शन ५ प्रो २० मीटर. ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ आणि त्याच्या आधीचा ऑलिंपसचा टीजी-६ हे १५ मीटरचे. कंपनीचंच हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, घातलं तर गोप्रो-ऑस्मोसारखे ॲक्शन कॅमेरे ६० मीटरपर्यंत जातात. सुट्टीला आलेल्या माणसाची गरज यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने भागते. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: हे आकडे कॅमेरा शांतपणे खाली नेला तर लागू पडतात. होडीवरून उडी मारताना कॅमेरा पाण्यावर आदळतो तेव्हा झाकणाच्या रबरावर क्षणभर बराच जास्त दाब येतो. म्हणून १० मीटरच्या कॅमेऱ्यालाही हाउसिंग घालणं शहाणपणाचं, आणि उडी मारताना कॅमेरा होडीवाल्याच्या हातात ठेवून नंतर मागून घेणं त्याहून शहाणपणाचं.

आता मधल्या पाण्याकडे वळू. सूर्यप्रकाशातले सगळे रंग पाणी सारख्या वेगाने शोषत नाही. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश दर मीटरला सुमारे ३० टक्के कमी होतो. निळा प्रकाश त्याच अंतरात एक टक्क्याच्या आसपासच घटतो. पाच मीटर खोलीवर असलेल्या माशाचा फोटो एक मीटरवरून काढला तर प्रकाशाला पाच मीटर उभा आणि एक मीटर आडवा असा सहा मीटरांचा प्रवास करावा लागतो. या प्रवासाअखेर तांबड्याचा जेमतेम आठवा हिस्सा शिल्लक राहतो आणि निळा जवळजवळ सगळा पोचतो. तांबोशीसारखा लालसर मासा पाण्याखाली राखाडी दिसतो त्याचं कारण हे. पण तोच मासा अर्ध्या मीटरवर असेल आणि हातातला दिवा त्याच्यावर धरला, तर दिव्याचा प्रकाश जाऊन-येऊन एकच मीटर चालतो आणि तांबड्याचा ७० टक्के भाग परत येतो. मासाही तोच, खोलीही तीच. फक्त प्रकाशाच्या वाटेतलं पाणी सहापटीने कमी झालं.

हा झाला शुद्ध पाण्याचा हिशेब. गोव्याचं आणि सिंधुदुर्गचं पाणी इतकं निर्मळ नसतं. मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल या नद्या घाटातली आणि जांभ्या दगडाची तांबडी माती घेऊन समुद्राला मिळतात. पावसाळ्यात खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं आणि त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यामुळे इथलं पाणी निळ्यापेक्षा हिरवं दिसतं, आणि त्यात चार-पाच मीटरपर्यंत स्पष्ट दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. दृश्यतेची मर्यादा म्हणजे जिथे वस्तूचा उठाव दोन टक्क्यांवर येतो ते अंतर, असं ढोबळमानाने धरतात. या मापाने चार मीटर दृश्यता असलेल्या पाण्यात चार मीटरवरची वस्तू केवळ सावलीसारखी भासेल. दोन मीटरवर तिचा १४ टक्के उठाव उरेल, एक मीटरवर सुमारे ३८ टक्के, आणि अर्ध्या मीटरवर ६० टक्क्यांच्या वर. लांबच्या वस्तूचं अंतर निम्मं केलं की उठाव दुपटीहून बराच जास्त वाढतो, आणि हा फायदा कोणतंही महाग भिंग देऊ शकत नाही. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने अर्ध्या मीटरवरून काढलेला फोटो ५० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने तीन मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सरस येईल, कारण दुसऱ्यात त्या ५० मेगापिक्सेलांनी मुख्यतः धुकंच टिपलेलं असेल.

जवळ जायचं म्हटलं की एक अडचण येते. पाण्यातून काचेमागच्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो, आणि सपाट काचेमागून पाहिल्यास पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर, म्हणजे आकाराने एक तृतीयांश मोठी दिसते. त्यामुळे हवेत ९० अंशांचा विस्तार टिपणारं भिंग सपाट काचेमागे, पाण्यात, ६४ अंशांवर येतं. चौकटीत सगळं मावत नाही म्हणून फोटो काढणारा मागे सरकतो, आणि मागे सरकला की मधलं पाणी वाढतं. साध्या डिजिटल कॅमेऱ्याला प्लास्टिकची पेटी घातली की समुद्रात निराशा होते ती याच चक्रामुळे. मुळातच फार रुंद पाहणारं भिंग पाण्यात थोडं अरुंद झालं तरी पुरेसं रुंद राहतं. ॲक्शन कॅमेरा समुद्रात उपयोगी पडतो तो मुख्यतः या एका गुणामुळे. तो लहान आहे, हातात बसतो, याही गोष्टी आहेतच. पण खरं कारण भिंगाची रुंदी.

जवळ जाणं आणि प्रकाश बरोबर नेणं या दोन गोष्टींची गरज पाण्याखालच्या छायाचित्रणाच्या जन्मापासून आहे. फ्रान्सच्या बान्यूल्स-सुर-मेर इथे लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली समुद्रात फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा उजेडासाठी त्याने पिंपावर बसवलेल्या स्पिरिटच्या दिव्यात मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची व्यवस्था वापरली होती. पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रं डब्ल्यू. एच. लाँगले आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रात घेतली आणि ती १९२७ साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये छापली गेली. तिथेही पाण्यावर मॅग्नेशियमचा स्फोट घडवून प्रकाश मिळवला होता. पुढे फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तो यांच्या सहकार्याने बनलेला कॅलिप्सो कॅमेरा निकॉनने १९६३ पासून निकोनॉस या नावाने विकला, आणि सामान्य पाणबुड्याच्या हातात पाण्याला न घाबरणारा कॅमेरा आला. तंत्र शतकभर बदलत राहिलं, पण पाण्याने तांबडा रंग गिळायचं थांबवलेलं नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात स्वाभाविक आक्षेप असा: खिशातला फोन आधीच वॉटरप्रूफ आहे, मग वेगळा खर्च कशाला? ॲपल आयफोन १२ पासूनच्या मुख्य मॉडेलांसाठी ६ मीटरवर ३० मिनिटं असा आकडा देते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेसाठी तो दीड मीटर आहे. पण या चाचण्या स्थिर, गोड्या पाण्यातल्या असतात. समुद्राचं खारट पाणी चार्जिंगच्या खाचेत शिरून सुकलं की धातू गंजतो. रबर आणि डिंक वयाबरोबर सैल होतात. एकदा उघडून दुरुस्त केलेल्या फोनचा तो आकडा तर कागदावरच उरतो. ॲपलच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान येत नाही, यातच उत्तर आहे. शिवाय फोनचा पडदा बोटाच्या विद्युतभाराने चालतो. पाण्याखाली त्याला बोट आणि पाणी यांतला फरक कळत नाही आणि शटरच दाबता येत नाही. गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी काही शे रुपयांत मिळते. गुडघाभर पाण्यात, पोरांच्या खेळण्याचे फोटो काढायला ती ठीक आहे. पण खाली नेली की दाबाने आतली हवा आकसते (१० मीटरवर ती निम्मी होते), प्लास्टिक पडद्याला चिकटतं आणि फोन आपोआप काहीही उघडतो. फोनसाठी बटणांची पक्की हाउसिंग मिळतात, ती ब्लूटूथने फोनशी बोलतात आणि चांगली चालतात; पण त्यांची किंमत १५-२० हजारांच्या वर जाते आणि पाणी शिरलं तर ४०-५० हजारांचा फोन, त्यातले बँकेचे व्यवहार आणि सगळे फोटो एकदम जातात. ज्याच्याकडे जुना, कामातून गेलेला पण कॅमेरा चांगला असलेला फोन आहे त्याने हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. रोजच्या फोनला समुद्रात नेऊ नये.

दुसरा प्रश्न ॲक्शन कॅमेरा की लहान टफ कॅमेरा हा आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण दुकानात याची नीट फोड कोणी करून सांगत नाही. बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा बसवलेला असतो. ऑस्मो ॲक्शन ४ चा तो ४० सेंटिमीटरपासून पुढे आहे, ॲक्शन ५ प्रोचा ३५ सेंटिमीटरपासून. त्याहून जवळची वस्तू अस्पष्ट येते. म्हणजे अर्ध्या मीटरवरचा पाणबुडा, कासव, खडकावरची सबंध माशांची झुंड, दोन हातांएवढी प्रवाळाची वसाहत या कॅमेऱ्याला उत्तम साधते. पण ग्रँड आयलंडच्या खडकावर बसलेली करंगळीएवढी रंगीत समुद्री गोगलगाय, किंवा समुद्रफुलाच्या स्पर्शकांत लपलेला विदूषक मासा? त्यांना रुंद भिंगात ठिपक्याएवढी जागा मिळते आणि जवळ गेलं तर धुरकट. टीजी-६ आणि टीजी-७ यांचं वैशिष्ट्य नेमकं इथे आहे: त्यांचा मायक्रोस्कोप मोड भिंगापासून एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस धरतो. पाणी कितीही हिरवं असो, एक-दोन सेंटिमीटर पाण्यात धुकं साठायला जागाच नसते. गढूळ समुद्रासाठी म्हणूनच मला हा कॅमेरा फार मोलाचा वाटतो. जिथे दूरचं काही दिसत नाही तिथे तो जवळचं जग उघडतो, आणि कोकणच्या खडकांवर जवळचं जग भरपूर आहे. त्याची उणीव म्हणजे त्याला रुंद दृश्य साधत नाही आणि किंमत साधारण ५० हजारांच्या आसपास जाते. नवा ॲक्शन कॅमेरा ३० ते ४५ हजारांत, आणि एक-दोन पिढ्या जुना त्याहून बराच कमी किमतीत येतो. कुटुंबाच्या सहलीसाठी मी ॲक्शन कॅमेऱ्याच्या बाजूने कौल देईन. ज्याला प्राण्यांचं वेड आहे आणि जो वर्षानुवर्षं याच किनाऱ्यावर उतरणार आहे, त्याने टफ कॅमेऱ्यासाठी पैसे साठवावेत.

तिसरा आक्षेप संगणकाचा आहे. हल्ली फोनवरची ॲप पाण्याखालच्या निळ्या फोटोला एका बोटाने रंगीत करून देतात, मग दिवा आणि फिल्टर कशाला? दोन-तीन मीटर खोलीवरच्या, चांगल्या उन्हातल्या फोटोपुरतं हे म्हणणं बरोबर आहे आणि तिथे ॲपवरच भागवावं. पण ॲप तांबडा रंग तयार करत नाही, उरलेला वाढवतं. आठवा हिस्सा उरलेला रंग आठपट केला की त्याच्याबरोबरचे कण-कण डागही आठपट होतात, आणि जिथे काहीच नोंदलं गेलं नाही तिथे ते फक्त अंदाजाने गुलाबी फासतं. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला, फोटो घेता येत असेल तर दुरुस्तीला जास्त वाव मिळतो, म्हणून ती सोय असलेला कॅमेरा निवडावा. फिल्टरच्या बाबतीत एक मोठी चूक सर्रास होते. बाजारात जो लाल फिल्टर कॅमेऱ्याबरोबर मिळतो तो निळ्या पाण्यासाठी, म्हणजे अंदमान, लक्षद्वीप किंवा मालदीवसाठी आहे. मालवण-गोव्याच्या हिरव्या पाण्यात हिरवा रंग कापणारा किरमिजी फिल्टर लागतो. लाल लावला तर चित्र मातकट पिवळं येतं. दोन्ही फिल्टर प्रकाश कमी करतात, त्यामुळे गढूळ दिवशी न लावलेलेच बरे, आणि दिव्याबरोबर तर कधीच लावू नयेत.

दिव्याबद्दल सांगायचं तर कॅमेऱ्याचा आतला फ्लॅश आपल्या पाण्यात बंद ठेवावा. तो भिंगाच्या शेजारीच असल्याने समोर तरंगणारे मातीचे आणि वनस्पतींचे कण थेट उजळून टाकतो, आणि सबंध फोटोवर पांढरे ठिपके पडतात. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर पुढचा रस्ता दिसेनासा होतो तसंच हे. वेगळा व्हिडिओ दिवा हातभर लांब, बाजूने धरला तर मधले कण अंधारात राहतात आणि मासा उजळतो. त्यासाठी हजार-दोन हजार ल्युमेनचा, रुंद झोताचा दिवा घ्यावा. शोधासाठीची अरुंद झोताची बॅटरी चित्राच्या मधोमध फक्त एक पांढरा गोळा उमटवते. पण भर दुपारी उथळ पाण्यात असा दिवा अर्ध्या मीटरपलीकडे काही करू शकत नाही हेही खरं. स्नॉर्केलिंग करणाऱ्याने दिव्यावर खर्च करू नये. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढले तर त्याला फुकटचा पुरेसा उजेड मिळतो. सूर्य कलला की त्याचे किरण पाण्याच्या पृष्ठभागावरून परतू लागतात आणि खाली अंधार लवकर होतो.

मालवण आणि गोव्यातले स्कूबावाले पाहुण्याचा व्हिडिओ स्वतःच काढून देतात, बहुधा ठरलेल्या पैशांत. मग कॅमेरा घ्यायचाच कशाला, असाही एक आक्षेप आहे आणि पहिल्या डुबकीपुरता तो मला पूर्ण मान्य आहे. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेणाऱ्या माणसाने कानांतला दाब मोकळा करण्याकडे, श्वासाच्या लयीकडे आणि प्रशिक्षकाच्या खुणांकडे लक्ष द्यायचं असतं. हातात कॅमेरा असला की श्वास नकळत रोखला जातो, आणि दाबातल्या हवेवर श्वास रोखून वर येणं फुप्फुसांना घातक ठरतं. ज्याला पोहता येत नाही, जो वर्षातून एकदाच समुद्रावर जातो, त्याच्यासाठी सगळ्यांत स्वस्त आणि चांगला संच म्हणजे होडीवाल्याचा कॅमेरा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. तिथे रीतसर अभ्यासक्रम केल्यावर, पाण्यात शरीर स्थिर ठेवता येऊ लागलं की मग कॅमेऱ्याचा विचार करावा. याचं दुसरं कारण पाण्याशीच निगडित आहे. ज्याला तरंगत एका जागी राहता येत नाही त्याच्या पायांनी तळाची रेती उडते, आणि चार मीटरची दृश्यता पाच सेकंदांत एका मीटरवर येते.

कोकणात कॅमेरा वाचवायचा तर हवेशीही झगडावं लागतं. हाउसिंगच्या काठावर एक बारीक रबरी कडी असते, ओ-रिंग. तिच्यावर डोक्याचा एक केस, टॉवेलचा धागा किंवा रेतीचा एक कण अडकला तरी त्या जागी बारीक फट राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. ती बोटाने बाहेर काढायची, टाचणीने नव्हे; उजेडात फिरवून बघायची; कंपनीने सांगितलेल्या ग्रीसचा इतका पातळ हात फिरवायचा की रबर फक्त चकाकेल. जास्त ग्रीस लावलं की त्यालाच कचरा चिकटतो. मग रिकामं हाउसिंग, आत कागदी रुमाल ठेवून, बालदीत किंवा विहिरीच्या पाण्यात वजन बांधून तासभर बुडवून ठेवायचं. रुमाल कोरडा निघाला तरच कॅमेरा आत घालायचा. ही चाचणी घरी फुकट होते आणि किनाऱ्यावर गेल्यावर करायला वेळ नसतो. दुसरा शत्रू बाष्प. मे महिन्यात दमट हवा आत कोंडून झाकण लावलं, कॅमेरा तापला आणि बाहेरून पाणी गार लागलं की काचेवर आतून धुकं जमतं. हाउसिंग शक्यतो वातानुकूलित खोलीत किंवा कोरड्या सकाळी बंद करावं, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि होडीत उन्हात ठेवू नये. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवून बटणं दाबत राहावं, म्हणजे खाचांतलं मीठ सुकून खडे होत नाहीत. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवलेला कॅमेरा ऑगस्टमध्येही स्वच्छ राहतो. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने तर त्याच्या झाकणांची रबरं झिजलेली आहेत असंच समजावं आणि हाउसिंगशिवाय तो पाण्यात नेऊच नये.

सराव करायला समुद्रच हवा असं नाही. पावसाळा ओसरल्यावर डिचोली आणि दोडामार्ग या पट्ट्यातल्या व्हाळांचं पाणी डिसेंबरपर्यंत इतकं निवळतं की तळातला प्रत्येक गोटा दिसतो. गुडघाभर पाण्यात कॅमेरा तळाशी ठेवून पाच मिनिटं बाजूला उभं राहिलं की मासे परत येतात. सह्याद्रीच्या नद्या-व्हाळांत पाठीच्या पंखाला लांब तंतू असणारे मासे आहेत. हे तंतू प्रौढ नराचे, आणि त्यांच्या झुंजी व्हिडिओत पाहण्यासारख्या असतात. इथे अंतर जवळचं, प्रकाश भरपूर आणि पाणी गोडं, त्यामुळे साध्यातला साधा ॲक्शन कॅमेराही समुद्रापेक्षा चांगलं चित्र देतो. मात्र बंद पडलेल्या खाणींच्या खंदकांतलं निळंशार पाणी पाहून तिथे उतरू नये. त्यांचे काठ उभे असतात आणि खोली एकदम लागते. मगरींचा वावर असलेल्या नदीच्या डोहात हात घालू नये, हेही सांगायला हवं.

आणि जवळ जाण्याचा आग्रह धरताना एक मर्यादा पाळावीच लागते. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. भारतातल्या सगळ्या कठीण प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. फोटोसाठी प्रवाळावर उभं राहणं, हात टेकणं, प्राण्याला कोपऱ्यातून ओढून काढणं हा अपराध ठरू शकतो, आणि प्रवाळाची ती जागा पुन्हा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. शरीर स्थिर ठेवता येईल तितकंच जवळ जावं. त्यापलीकडचा फोटो सोडून द्यावा.

एवढ्या सगळ्यातून पैशांचा क्रम असा निघतो. आधी स्वतःच्या चेहऱ्याला नीट बसणारा मास्क आणि पोहण्याचा सराव. मग एक-दोन पिढ्या जुना पण नामांकित कंपनीचा, रॉ फोटो घेणारा ॲक्शन कॅमेरा, त्याचं कंपनीचंच हाउसिंग, मनगटाचा पट्टा आणि तरंगणारी मूठ. कारण हे कॅमेरे हातातून सुटले की बुडतात आणि चार मीटर दृश्यतेच्या पाण्यात पुन्हा सापडत नाहीत. जास्त मेगापिक्सेल, ८के व्हिडिओ, ६० मीटरपलीकडची खोली यांवर सुट्टीच्या छायाचित्रकाराने रुपयाही घालू नये. दिवा स्कूबा शिकून झाल्यावर घ्यावा, किरमिजी फिल्टर त्यानंतर, आणि टफ कॅमेरा लहान जिवांची गोडी खरोखर लागली तर. अंदमानला जाणार असाल तर लाल फिल्टर बरोबर घ्या आणि त्या त्या बेटावरचे कॅमेऱ्याचे नियम निघण्याआधीच विचारून ठेवा. मालवणला किंवा ग्रँड आयलंडला जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या होडीवाल्याला फोन करा आणि फक्त एवढंच विचारा: आज पाण्यात किती मीटर दिसतंय? उत्तर दोन मीटर आलं तर सहल पुढे ढकला.